मेश्रामांच्या डाव्या गुडघ्यावरून

मी एक बँडेज. चार इंच रुंद, आणि ताणलं तर साडेचार मीटर लांब. न ताणता माझी लांबी किती भरते ते मला ठाऊक नाही, कारण मला न ताणता कुणी कधी मोजलंच नाही. औषधाच्या दुकानात मला क्रेप बँडेज म्हणतात, लखनौचे लोक गरम पट्टी म्हणतात, आणि रामदास मेश्राम मला 'सपोर्ट' म्हणायचे. या तिसऱ्या नावानं सगळा घोटाळा केला.

माझा जन्म गिरणीतला. तिथे आमच्या सुताला इतका पीळ देतात की ते पुन्हा सरळ व्हायचं नाव घेत नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे वाकडेपणा दिसला, तर तो जन्माचा आहे असं समजा आणि पुढे चला.

चारबाग स्टेशनासमोरच्या एका दुकानात मी दोन वर्षं निळ्या खोक्यात पडून होतो. माणसं किती शूर असतात ते मला तिथेच कळलं. पाय सुजून बूट चढेनासा झाला तरी दुकानात आलेला प्रत्येक जण म्हणायचा, "कुछ नहीं, ज़रा-सी मोच है." १९८१च्या डिसेंबरात एक गृहस्थ लंगडत आले, तेही हेच म्हणाले आणि मला घेऊन गेले. ते मेश्राम.

मेश्राम मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीनं त्यांना अठरा वर्षांपूर्वी लखनौत आणून टाकलं होतं. हजरतगंजातल्या एका कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे दिवसभर उंच स्टुलावर बसून, कधीच न बांधल्या जाणाऱ्या पुलांचे नकाशे काढायचे. वय चव्वेचाळीस, पोट त्याहून थोडं पुढे. धावण्याचा पूर्वानुभव विचाराल तर सुटणारी बस, तीही बहुतेक वेळा सुटलेलीच. घरी पत्नी शैलाबाई आणि पंधरा वर्षांची माया. शैलाबाई मराठीत रागवायच्या आणि माया हिंदीत उत्तरं द्यायची. त्यामुळे त्या घरात भांडण दोन भाषांत व्हायचं, पण लवकर मिटायचं.

असा माणूस धावायला लागला तो हरिहरमुळे.

हरिहर त्याच कचेरीतला चपराशी. तो बख्शी का तालाब या गावी राहायचा. तिथे त्याची थोडी शेती होती. रोज अठरा किलोमीटर सायकल मारून तो कामावर यायचा. १९८१च्या जानेवारीत एका सकाळी, कचेरी एका किलोमीटरवर आली असताना, एका ट्रकनं त्याला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कचेरीनं चौकशी मात्र ताबडतोब केली. चौकशीत असं निघालं की अपघात नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी झाला आणि कचेरी भरते दहाला. म्हणजे हरिहरनं बारा मिनिटं घाई केली होती. ड्यूटीवर नसताना गेलेल्या पायाची भरपाई सरकार कुठून देणार? त्याऐवजी सहानुभूतीचा ठराव झाला. ठरावाचं टायपिंग फार सुबक होतं म्हणे. शिवाय हरिहरला दाराशी बसायला एक स्टूल मिळालं. कुबड्या त्याच्या त्यानं आणल्या.

परदेशात लोक चांगल्या कामासाठी धावतात आणि ठरावीक अंतरामागे कुणीतरी देणगी देतं, असं मेश्रामांनी एका रंगीत साप्ताहिकात वाचलं होतं. त्यांनी ठरवलं की हरिहरच्या घरापासून कचेरीच्या दारापर्यंत, हरिहरच्याच रस्त्यानं धावायचं आणि त्याला कृत्रिम पाय बसवून द्यायचा. अठरा किलोमीटर, अठरा देणगीदार. यादी टेबलाटेबलावरून फिरली. गावाकडचे सुनसान किलोमीटर शेवटपर्यंत कुणी घेईना, कारण बघणारं कुणी नसलं की माणसाचा हात जरा आखडतो. हजरतगंजातला शेवटचा किलोमीटर मात्र मोठ्या साहेबांनी आपणहून घेतला. तिथे फोटो निघणार होता. त्यांची देणगी सगळ्यांत मोठी होती, जवळजवळ निम्मा पाय त्यांचाच. यादीवर त्यांनी हिरव्या शाईनं शेरा मारला की अंतर पुरं झालं तरच रक्कम मिळेल.

आता दुखापतीविषयी. मेश्राम लोकांना 'ट्रेनिंगमधली इंजुरी' असं सांगायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की गडी वाऱ्याच्या वेगानं सुटला असताना काहीतरी तुटलं. खरी गोष्ट अशी की धावून झाल्यावर ते रोज एका दुकानात चार कचोऱ्या आणि पाव शेर जिलबी खायचे, आणि त्याच दुकानाची पायरी उतरताना त्यांचा डावा गुडघा मुरगळला. धावताना नव्हे. जिलबी हातात होती, ती सांडली नाही.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं की आतली गादी फाटली आहे, पट्टी बांधून आराम करा, सहा आठवडे धावणं बंद. घरी येऊन मेश्रामांनी शैलाबाईंना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, पट्टी बांधा." डॉक्टरच्या वाक्यातला सोयीचा तुकडा तेवढा माणसाला ऐकू येतो. मेश्रामांच्या कानांत काही दोष नव्हता.

तेव्हापासून रोज पहाटे मी त्यांच्या गुडघ्यावर. माझ्या दोन क्लिपा मायाच्या कंपासपेटीत राहायच्या, कारण घरात तेवढी एकच गोष्ट रोज जागेवर सापडायची. सिकंदरबागेच्या भिंतीकडेनं, गोमतीच्या काठानं आम्ही धावायचो. मी सगळा जोर लावून गुडघा आवळून धरायचो आणि मेश्राम म्हणायचे, "वा, आज काहीच दुखत नाही." दुखत नव्हतं असं नाही. दुखणं माझ्याखाली दबलं होतं. घरी येऊन मला सोडलं की गुडघा टम्म फुगायचा. शैलाबाई शेक देता देता म्हणायच्या, "डॉक्टरांनी आरामही सांगितला असणार, धावणं थांबवा." मला तेव्हा माझ्या कामाचा अभिमान होता, हे कबूल करतो. आपण माणसाला उभं करतोय असं वाटत होतं.

कचेरीत गुडघ्याची गोष्ट कळू द्यायची नव्हती. कळली असती तर यादीतल्या निम्म्या लोकांना देणगीतून सुटका मिळाली असती. म्हणून मेश्राम वरांड्यातून ताठ चालायचे आणि फायलींच्या कपाटाआड गेले की लंगडायचे. तरी कुणकुण लागलीच. मग उपायांचा पाऊस. कुणी हळद-चुना सांगितला, कुणी कापराचं तेल, एकानं चौकातल्या हाडं बसवणाऱ्या पहिलवानाचा पत्ता दिला. लखनौत सल्लासुद्धा इतक्या अदबीनं देतात की नको म्हणायला जीभ वळत नाही. मेश्रामांनी सगळं केलं. आराम मात्र कचेरीत कुणीच सुचवला नाही आणि त्यांनीही तो केला नाही.

एवढा हट्ट कशासाठी, हे मला जानेवारीत कळलं. त्या सकाळी कडाक्याचं धुकं होतं. मेश्राम पलंगाच्या कडेला बसून मला गुंडाळत होते आणि स्वयंपाकघरात शैलाबाई मटार सोलत होत्या. मेश्रामांनी मला मध्येच सोडून दिलं आणि म्हणाले, "शैला, ते मटार या घरात आणू नकोस, असं मी सांगितलं होतं ना." शैलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

गेल्या वर्षी मायाच्या वाढदिवसाला मटारच्या करंज्या करायच्या होत्या. मेश्रामांनी हरिहरला सांगितलं होतं की तुझ्या शेतातले पाच किलो ताजे मटार घेऊन ये. मटार तोडण्यात त्याला उशीर झाला, म्हणून तो त्या दिवशी घाईघाईनं सायकल हाणत होता. रस्ताभर सांडलेल्या त्या हिरव्या शेंगा मेश्रामांनी कचेरीतून धावत जाऊन स्वतः पाहिल्या होत्या. चौकशीत हे कुठेच आलं नाही. मेश्रामांनी कुणाला सांगितलं नाही, हरिहरनंही नाही. जगाला वाटत होतं की ते परोपकार करताहेत. ते फेड करत होते, तीही चुकीच्या पायानं.

"मागितले मी होते," शैलाबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसता निरोप दिला होता."

मेश्रामांनी माझं सुटलेलं टोक उचललं. मला पुन्हा गुंडाळलं, नेहमीपेक्षा जास्त आवळून, आणि धुक्यात गेले.

धावण्याचा दिवस ठरला फेब्रुवारीतला दुसरा रविवार. त्याआधी बुधवारी धोबी आला. शैलाबाईंनी शर्ट, चादरी, पडदे यांचं गाठोडं बांधलं आणि दोरीवर वाळत असलेल्या मलाही त्यात टाकलं. मला वाटलं, चूक झाली. मी बँडेज, ओरडणार कसा? शैलाबाईंनी धोब्याला बजावलं, "भैया, सबमें कड़क कलफ लगाना. एक भी मत छोड़ना."

कलफ म्हणजे आपली खळ. लखनौच्या धोब्याचं तिच्यावर फार प्रेम. मला आधी भट्टीत उकळलं, मग खळीत बुडवलं, मग वरून कोळशाची इस्त्री. गिरणीनं दिलेला पीळ त्या धोब्यानं एका दुपारी काढून टाकला. शनिवारी संध्याकाळी मी परत आलो तो चौकोनी घडी होऊन, दोन शर्टांच्या मध्ये, रुमालासारखा कडक. ताणायला गेलं तर कागदासारखा कुरकुरायचो.

रविवारी भल्या सकाळी हरिहरच्या अंगणात मेश्रामांनी पिशवी उघडली आणि मला पाहिलं.  दुकानं बंद, वेळ झालेली. शैलाबाई म्हणाल्या की धोब्याकडे चुकून गेलं असेल. मेश्रामांनी मला तसंच बांधलं. क्लिपा माझ्या कडक अंगात घुसेनात, म्हणून हरिहरच्या बायकोनं सेफ्टी पिना दिल्या. मागून एक घोड्याचा इक्का निघाला. त्यात पाण्याचा घडा, ग्लुकोज, शैलाबाई आणि कुबड्या मांडीवर घेतलेला हरिहर.

किलोमीटरचे पहिले चार दगड मी कसाबसा टिकलो. मग घामानं खळ भिजली आणि माझा चिकट लगदा झाला. सहाव्या दगडाशी मी गुडघ्यावरून निघालो आणि आठव्याला पोटरीवर पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मेश्रामांच्या काही उपयोगाचा नव्हतो आणि पहिल्यांदा त्यांचा गुडघा मोकळेपणानं बोलत होता. प्रत्येक पावलाला बोलत होता. मी खाली पोटरीवरून ऐकत होतो. दोन महिने मी काय दाबून ठेवलं होतं ते तेव्हा मला समजलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

तरीही ते थांबले नाहीत. बारावा दगड गेला, पंधरावा गेला. धावणं म्हणजे आता एक पाय टाकायचा आणि दुसरा ओढायचा. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवायचे. लोकांना दुसऱ्याचे हाल बघून हुरूप येतो. गोमतीचा पूल ओलांडला आणि सतराव्या दगडापाशी गुडघा अडकला तो अडकलाच. ना सरळ होईना, ना वाकेना. मेश्राम रस्त्याच्या कडेला बसले. हीच ती जागा, जिथे शेंगा सांडल्या होत्या.

इक्का थांबला. शैलाबाई खाली उतरल्या. मेश्राम दगडाला धरून उठायला बघत होते. शैलाबाईंनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं.

"एकच किलोमीटर राहिलाय, शैला. साहेबांची रक्कम नाही मिळाली तर पाय होणार नाही."

"पट्टीला खळ मी मुद्दाम घालायला लावली," शैलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरचं तुम्ही ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही. म्हटलं, गुडघ्यालाच बोलू द्यावं. वाटलं होतं, पाचव्या दगडाशी थांबाल आणि उरलेल्याचं मग काहीतरी बघू. तुम्ही सतरापर्यंत आलात. मी चुकले असेन. पण आता उठायचं नाही."

मेश्राम रडायला लागले. भर रस्त्यात, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या समोर. इक्क्यातल्या हरिहरकडे बघून म्हणाले, "हरिहर, उस दिन मैंने मटर न मँगाए होते तो..."

हरिहर कुबड्या टेकत खाली उतरला. त्याला हे पुढचं वाक्य वर्षभर ठाऊक असावं. तो शांतपणे म्हणाला, "साहब, मटर बीस किलो थे. पाँच आपके. बाकी पंद्रह दफ़्तर में बेचने थे, हर जाड़े में बेचता था. आप अकेले के लिए थोड़े ही निकला था."

मेश्रामांनी बाहीनं डोळे पुसले. वर्षभर त्यांनी एक आख्खा ट्रक आपल्या छातीवर उभा करून ठेवला होता, आणि त्यात त्यांचा हिस्सा निघाला पाच किलोंचा. माणसाला पापसुद्धा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला नको असतं. हरिहरला हे आधीच सांगता आलं असतं, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्यासाठी धावायचं ठरवतानाही कुणी त्याला विचारलं नव्हतं.

मग हरिहर म्हणाला की मेश्राम साहेबांनी इक्क्यात बसावं, शेवटचा किलोमीटर तो स्वतः चालेल. मेश्राम नको नको म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "एक टाँग गई तो इतनी मुश्किल से चंदा हुआ. दूसरी आपकी गई तो कौन देगा?"

कुबडीच्या वरची चिंधी फाटली होती आणि काखेला लाकूड लागत होतं. मेश्रामांनी माझ्या पिना काढल्या आणि मला त्या कुबडीला गुंडाळलं. दोन महिन्यांच्या ट्रेनिंगमधून ते धावायला शिकले नाहीत, पण पट्टी बांधायला उत्तम शिकले होते. मी ओल्या खळीनं लाकडाला घट्ट चिकटलो. तो किलोमीटर पार करायला पाऊण तास लागला. हरिहरचं सगळं वजन माझ्यावर यायचं, जायचं, पुन्हा यायचं. तो मध्ये दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मेश्रामांच्या गुडघ्यापेक्षा हे काम कठीण होतं. पण इथे मी काही लपवत नव्हतो.

कचेरीच्या दाराशी मोठे साहेब हार घेऊन उभे होते. चहा निवला होता, फोटोवाला जांभया देत होता. समोरून आले ते असे: ज्यानं धावायचं होतं तो इक्क्यात पाय लांब करून बसलेला, आणि ज्याला पाय नव्हता तो चालत. साहेबांचा हार हातातच राहिला. अंतर पुरं झालं नाही असं म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण समोर दोनशे लोक आणि एक कॅमेरा. त्यांनी हार हरिहरच्या गळ्यात घातला आणि छोटं भाषण केलं. भाषणावरून असं वाटलं की ही सगळी कल्पना त्यांचीच. देणगी त्यांनी पुरी दिली. फोटोत साहेब मध्यभागी आहेत, हरिहर बाजूला आणि मेश्रामांचा फक्त गुडघा आलाय.

उन्हाळ्यात हरिहरला पाय बसला. मेश्रामांचा गुडघा वाचला, पण मांडी घालून बसणं कायमचं गेलं. ते आता धावत नाहीत. कचोऱ्या खातात, पायरी जपून उतरतात.

मी हरिहरकडेच राहिलो. कुबड्या माळ्यावर गेल्या तेव्हा त्यानं मला सोडवून पंपाखाली धुतलं. अंगात ताणच राहिला नव्हता, पण दोरी म्हणून मी चालण्यासारखा होतो. त्याला सहा वर्षं झाली. हरिहर पुन्हा सायकल मारतो. मी कॅरिअरवर पोतं बांधायच्या कामाला आहे. माझा रंग पिवळट झालाय, कडा उसवल्यात, आणि नागपूरच्या ड्राफ्ट्समनचा 'सपोर्ट' होतो हे सांगितलं तर पोत्यातलं कुणी खरं मानणार नाही.

दर जानेवारीत आम्ही मेश्रामांच्या दाराशी थांबतो. हरिहर माझी गाठ सोडतो आणि पाच किलो मटार मोजून देतो. एक वर्ष मेश्रामांनी पाच किलोंच्या जागी दहाचे पैसे पुढे केले. हरिहरनं पाचचे घेतले आणि बाकीचे त्यांच्याच हातात ठेवले. शैलाबाई परात घेऊन येतात. मेश्राम मला ओळखतात, त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर जातो.  करंज्या होतात.

तुमच्याकडे मागणं एवढंच. गुडघा दुखला तर मला बांधा आणि गप्प बसून राहा, मला बांधून धावू नका. आणि थंडीच्या दिवसांत सकाळी गोमतीच्या पुलाकडे निघालात, आणि एक पाय जरा जड टाकणारा सायकलवाला, मागे पिवळ्या पट्टीनं बांधलेलं हिरवं पोतं घेऊन दिसला, तर त्याला वाट द्या. दहाला बारा मिनिटं कमी असतील तर जरा जास्तच जपून. कचेरी अजून दहालाच भरते.